थकलेल्या तेलविहिरीला रॉयल्टीत सवलत: हिशेब कसा मांडायचा, अर्ज कसा करायचा

गावाकडे मुरूम किंवा वाळू काढणाऱ्या कुणालाही ‘रॉयल्टी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ब्रासमागे ठरलेली रक्कम भरायची, पावती जवळ ठेवायची. डिझेल किती जळलं, जेसीबी दोन दिवस बंद होता का, याच्याशी त्या पावतीला देणंघेणं नसतं. तेलाची रॉयल्टी याच जातीची. ती कापली जाते विकलेल्या मालाच्या एकूण किमतीवर, टक्क्याने, आणि खर्चाकडे न बघता. खळ्यावर रास पडली की मालकाचा वाटा आधी उचलायचा, बी-खताची उधारी उरलेल्यातून फेडायची, तसं.

विहीर तरुण असते तेव्हा हे कुणाला खुपत नाही. पण वय झालं की तेल कमी येतं, पाणी वाढतं आणि पंपाचं वीजबिल मात्र जवळपास तेवढंच राहतं. नंदीबैलासारखी मान हलवत राहणारा तो पंपजॅक दिवसाला चार-पाच बॅरल तेल आणि त्याच्या दहापट खारं पाणी वर काढत असतो. अशा विहिरीच्या आयुष्यात एक पट्टा येतो: रॉयल्टी नसती तर ती स्वतःच्या पायावर उभी राहिली असती, रॉयल्टी भरून मात्र तोट्यात जाते. सवलत असते ती या पट्ट्यासाठी. पट्टा वाटतो त्यापेक्षा अरुंद आहे, हे पुढे आकड्यांतून दिसेलच.

हा लेख अमेरिकेच्या केंद्र सरकारी जमिनींवरच्या विहिरींबद्दल आहे. कारण साधं आहे: तिथे या सवलतीचा कायदा जुना आहे, नियम लेखी आहेत आणि ती फसली कुठे याच्याही नोंदी आहेत. ह्यूस्टन-डेन्व्हरकडे छोट्या तेल कंपन्यांच्या हिशेबात काम करणाऱ्या मराठी मंडळींना तो थेट उपयोगी पडेल. भारतात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने हाताळला गेला, त्याबद्दल शेवटी.

पहिली पायरी: रॉयल्टी कुणाच्या खिशात जाते ते पाहा

आपल्याकडे जमिनीखालचं तेल सरकारचं. अमेरिकेत ते शेतकऱ्याचं असू शकतं, राज्याचं असू शकतं, आदिवासी जमातीचं किंवा केंद्र सरकारचंही. टेक्सासमध्ये बहुतेक विहिरी खासगी मालकांच्या लीजवर, म्हणजे तेल काढण्यासाठी केलेल्या भाडेकरारावर, आहेत. तिथे केंद्राच्या सवलतीचा संबंधच येत नाही. मालकाच्या दारात जाऊन करार बदलून घ्यावा लागतो. वायोमिंग, न्यू मेक्सिको, युटा, मोंटाना इथे मात्र केंद्राच्या लीज भरपूर, आणि त्यांचा कारभार ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ म्हणजे बीएलएमकडे.

म्हणून सगळ्यात आधी लीजचा मूळ कागद काढा. अनेकदा एका युनिटमध्ये, म्हणजे एकत्र चालवल्या जाणाऱ्या लीजच्या गटात, केंद्राची, राज्याची आणि खासगी अशी तिन्ही जमीन मिसळलेली असते. सवलत मिळाली तरी ती केंद्राच्या हिश्शापुरतीच असते. तो हिस्सा चाळीस टक्के असेल, तर तुमचा फायदाही त्याच प्रमाणात कमी होतो. हे गणित न करता उत्साहाने अर्ज लिहायला बसणारे लोक मी पाहिले आहेत.

दर कोणता, हेही त्याच कागदात सापडतं. १९२० च्या मिनरल लीजिंग अॅक्टपासून केंद्राच्या जमिनीवर साडेबारा टक्के हा नेहमीचा दर राहिला. २०२२ मध्ये नव्या लीजसाठी तो १६.६७ टक्के झाला आणि २०२५ च्या कायद्याने पुन्हा साडेबारावर आला. थकलेल्या विहिरी जुन्या लीजवर असल्यामुळे त्यांचा दर सहसा साडेबाराच. काही फार जुन्या लीजमध्ये उत्पादनानुसार चढता-उतरता दर लिहिलेला असतो, तेवढं तपासून घ्या.

दुसरी पायरी: महिन्याचा हिशेब मांडा

छोट्या विहिरीला तिकडे ‘स्ट्रिपर वेल’ म्हणतात. साधारणपणे दिवसाला १५ बॅरल किंवा त्याहून कमी तेल देणारी ती स्ट्रिपर. तेल-वायू राज्यांचा जो आंतरराज्य आयोग आहे, तो मात्र १० बॅरलची रेघ ओढतो. अर्ज करताना आपण कुणाची व्याख्या वापरतो आहोत याचं भान ठेवा.

आता एक काल्पनिक लीज घेऊ. सहा विहिरी, मिळून दिवसाला २७ बॅरल, म्हणजे विहिरीमागे साडेचार. महिन्याचे ८१० बॅरल. भाव ६० डॉलर धरला तर एकूण विक्री ४८,६०० डॉलर.

यातून कापलं काय जातं?

केंद्राची रॉयल्टी १२.५ टक्के: ६,०७५ डॉलर.
ओव्हररायडिंग रॉयल्टी ५ टक्के: २,४३० डॉलर.
राज्याचे उत्पादन कर, समजा ७ टक्के: ३,४०२ डॉलर.
हातात उरले: ३६,६९३ डॉलर.

ओव्हररायडिंग रॉयल्टी म्हणजे मधल्या माणसाचा वाटा. लीज ज्याने आधी घेतली आणि पुढे विकली, किंवा ज्या भूगर्भतज्ज्ञाने जागा दाखवली, तो स्वतःसाठी दोन-पाच टक्के राखून ठेवतो. खर्चात त्याचा एक पैसा नसतो. हा मनुष्य पुढे आपल्याला बराच त्रास देणार आहे.

आता खर्च. ही लीज दिवसाला ३०० बॅरल पाणी काढते आणि ते पुन्हा जमिनीत सोडायला बॅरलमागे एक डॉलर पडतो असं धरू: महिन्याला ९,००० डॉलर. वीज ७,५००. रोज फेरी मारणाऱ्या माणसाचा, ज्याला तिथे पंपर म्हणतात, पगार आणि गाडी ८,०००. सकर रॉड (विहिरीतल्या पंपाला हलवणारी लांब कांब) तुटणं, पंप बदलणं, ट्यूबिंगला (तेल वर आणणाऱ्या नळीला) भोक पडणं याची वर्षाची सरासरी काढून महिन्याला ९,०००. रसायनं २,५००. विमा आणि किरकोळ २,५००. बेरीज ३८,५०० डॉलर.

म्हणजे महिन्याला १,८०७ डॉलरचा तोटा.

इथे एक सवय लावून घ्या. थेट विहिरीवर होणारा खर्च एका रकान्यात आणि मुख्य कार्यालयाचं भाडं, कर्जाचं व्याज, घसारा हे दुसऱ्या रकान्यात. दोन्ही एकत्र कालवले तर तोटा मोठा दिसतो खरा, पण तपासणारा अधिकारी पहिल्यांदा तीच गाठ सोडवायला घेतो आणि मग बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने पाहतो. मोठी दुरुस्तीही ज्या महिन्यात झाली त्याच महिन्यात पूर्ण टाकू नका. सरासरी काढा आणि ती कशी काढली ते खाली लिहा.

आणि त्या नऊ हजारांच्या पाण्याकडे नीट बघा. वरच्या दोन थरांतून पाणी शिरत असेल आणि ते बंद करून पाणी एक तृतीयांशाने कमी झालं, तर महिन्याला तीन हजार वाचतात, तोटा तिथेच भरून निघतो आणि कुणाकडे अर्जही करावा लागत नाही. सरकारकडे जाण्याआधी विहिरीकडे जा. कारण सरकारही पहिला प्रश्न हाच विचारेल की खर्च कमी करण्यासाठी तुम्ही काय केलंत.

तिसरी पायरी: सवलतीने नक्की किती मिळेल?

मागायचा दर किती धरायचा? त्यासाठी एक जुनं सूत्र हाताशी ठेवण्याजोगं आहे. १९९२ च्या ऑक्टोबरपासून बीएलएमने स्ट्रिपर विहिरींसाठी जी योजना चालवली, तिच्यात रॉयल्टीचा दर असा काढत: विहिरीमागे रोजचं सरासरी उत्पादन गुणिले ०.८, अधिक ०.५. पंधरा बॅरलला उत्तर येतं साडेबारा, म्हणजे नेहमीचा दर. उत्पादन जसं शून्याकडे जातं तसा दर अर्ध्या टक्क्याकडे जातो. मधे कुठे पायरी नाही, उडी नाही. चौदा बॅरलवाल्याला मोठा लाभ आणि सोळावाल्याला काहीच नाही, असला प्रकार त्यामुळे झाला नाही. सरकारी सूत्रांत इतकं सरळ सूत्र क्वचित सापडतं.

आपल्या लीजला साडेचार बॅरलच्या हिशेबाने ४.१ टक्के येतात. रॉयल्टी ६,०७५ वरून १,९९३ डॉलरवर येते. ओव्हररायडिंगचा वाटा सरकारच्या नव्या दराच्या निम्म्यावर, म्हणजे २.०५ टक्क्यांवर आणला (तो का आणायचा ते पुढे येईल), तर तिथे आणखी १,४३४ वाचतात. एकूण ५,५१६ डॉलर. तोट्यातली लीज महिन्याला सुमारे ३,७०० डॉलर कमावू लागते.

छान वाटतं. आता हेच तीन बाजूंनी ठोकून पाहू.

भाव. सवलत नसताना ही लीज ना नफा ना तोटा होते बॅरलला साधारण ६३ डॉलर भाव असताना. सवलतीनंतर ती मर्यादा ५५ वर येते. म्हणजे सगळी धडपड ५५ ते ६३ या आठ डॉलरच्या खिडकीसाठी. भाव ५० वर गेला तर सवलत असूनही विहीर बंदच, ७० वर गेला तर सवलत नसतानाही महिन्याला चार हजारांवर नफा.

आयुष्य. खर्च स्थिर धरून ६० डॉलर भावाला लीज दिवसाला २८.३ बॅरलच्या खाली गेली की तोट्यात जाते. सवलतीनंतर ही रेघ २४.६ वर सरकते. उत्पादन वर्षाला आठ टक्क्यांनी घटत असेल, तर २८.३ वरून २४.६ वर यायला सुमारे २० महिने लागतात. एवढंच विकत मिळतं. दहा वर्षं वगैरे कुणी सांगत असेल तर त्याचा घटीचा दर विचारा.

सरकारची बाजू. विहीर खरोखर बंद पडणार असेल तर सरकारला ६,०७५ ऐवजी शून्य मिळणार होतं, त्याऐवजी १,९९३ मिळतात. पण ती तशीही चालूच राहणार असेल, तर सरकारने दरमहा ४,०८२ डॉलर फुकट वाटले. अधिकाऱ्याच्या डोक्यात हा एकच प्रश्न असतो आणि तुमच्या फाइलने त्याचं उत्तर द्यायचं असतं.

चौथी पायरी: दार कोणतं?

ते १९९२ चं सूत्र आज लागू नाही. योजनेतच अट होती की १९९१ च्या किमतीच्या पातळीवर आणलेला भाव सलग सहा महिने २८ डॉलरच्या वर राहिला तर सहा महिन्यांची सूचना देऊन सवलत थांबवता येईल. भाव चढले आणि १ फेब्रुवारी २००६ पासून ती थांबली. जड तेलासाठी, म्हणजे एपीआय प्रत २० अंशांच्या खाली असलेल्या डांबरासारख्या दाट तेलासाठी, १९९६ मध्ये सुरू झालेली बहीण-योजनाही तिच्याबरोबर गेली.

उरलं ते जुनं दार: १९२० च्या कायद्यातलं कलम ३९. त्याखाली गृह खात्याच्या मंत्र्याला (तिकडे गृह खातं म्हणजे पोलिस नव्हेत, जमिनी, खाणी, अभयारण्यं सांभाळणारं खातं) रॉयल्टी कमी करता येते. जमिनीतून जास्तीत जास्त तेल निघावं आणि नैसर्गिक संपत्ती वाया जाऊ नये, हा कायद्याने सांगितलेला हेतू. त्यासाठी कारणं दोन: विकासाला चालना देण्यासाठी सवलत गरजेची असणं, किंवा आहे त्या अटींवर लीज यशस्वीपणे चालवता न येणं. थकलेल्या विहिरीने दुसऱ्या कारणाचा आधार घ्यावा. पहिलं कारण ऐकायला भारदस्त आहे, पण ते सिद्ध करायला नव्या गुंतवणुकीचा आराखडा लागतो. तो नसेल तर उगाच त्या वाटेला जाऊ नये.

या दुसऱ्या कारणात एक धोका लपलेला आहे आणि तो कुणी आधी सांगत नाही. मूळ मुदत संपल्यानंतर केंद्राची लीज जिवंत राहते ती ‘खर्च भागवणारं उत्पादन’ चालू आहे तोवरच. उत्पादनाची किंमत थेट चालवण्याच्या खर्चाहून जास्त असली पाहिजे. तुम्ही अर्जात ठासून सांगितलंत की लीज कायम तोट्यात आहे, तर समोरचा म्हणू शकतो, मग लीज संपली. म्हणूनच थेट खर्चाचा रकाना वेगळा ठेवायचा. आणि मांडणी अशी हवी की सध्याच्या दराने ही लीज काठावर आहे, कमी केलेल्या दराने ती निश्चित खर्च भागवते. मेलेल्या विहिरीला सवलत मिळत नाही, धडधाकट विहिरीलाही नाही. आजारी पण बरी होणारी, असा रुग्ण दाखवावा लागतो.

पाचवी पायरी: फाइल

अर्ज बीएलएमच्या संबंधित राज्य कार्यालयाकडे जातो. नियमांनी मागितलेल्या गोष्टी फार नाहीत, पण प्रत्येकीला पुरावा लागतो.

लीजचा अनुक्रमांक, नोंदीतला मालक, चालवणारा आणि जमिनीचं वर्णन हे तर झालंच. त्यानंतर लीजवरच्या प्रत्येक विहिरीचा क्रमांक, जागा आणि सद्यस्थिती. ‘प्रत्येक’ हा शब्द गंभीरपणे घ्या. वीस वर्षांपूर्वी बंद करून विसरलेली विहीरही यादीत हवी.

मग अर्जाच्या आधीच्या किमान सहा महिन्यांचा महिनावार तक्ता: रॉयल्टी लागू असलेलं एकूण तेल किंवा वायू, त्या महिन्यात चालू धरलेल्या विहिरी, आणि विहिरीमागे रोजचं सरासरी उत्पादन. सहा महिने ही किमान अट आहे. माझा सल्ला २४ महिन्यांचा तक्ता द्यावा असा आहे. सहा महिन्यांत एक दुरुस्ती आली की आकडे वेडेवाकडे होतात, चोवीस महिन्यांत घटीची रेषा स्वच्छ दिसते. हे आकडे तुम्ही दरमहा ओएनआरआर या महसूल कार्यालयाला पाठवलेल्या उत्पादन-अहवालांशी तंतोतंत जुळले पाहिजेत. अर्जातला एक आकडा आणि जुन्या अहवालातला दुसरा निघाला, की सवलत बाजूला राहते आणि मागील हिशेबाची तपासणी सुरू होते.

त्यानंतर संपूर्ण लीजचा खर्च आणि उत्पन्न. इथेही शब्द ‘संपूर्ण’ असा आहे. सहापैकी दोन विहिरी चांगल्या आणि चार रडतखडत असतील, तर फक्त चारांचा हिशेब देऊन भागत नाही. त्या दोघींचा नफा चौघींचा तोटा भरून काढत असेल, तर सरकारच्या लेखी लीज यशस्वी चालली आहे. अशा वेळी सगळ्यात वाईट विहीर बंद करणं हे कधीकधी सवलतीपेक्षा शहाणपणाचं ठरतं.

शेवटी पत्र. दोन पानांचं पुरे. लीज कशी आहे, काय करून पाहिलं, कोणता दर मागतो आहोत, त्या दराने किती महिने आणि किती बॅरल जास्त निघतील. विशेषणं नकोत.

सहावी पायरी: मधल्या वाटेकऱ्यांची सही

बहुतेक फायली इथे अडतात. नियम सांगतो की केंद्राशिवाय आणखी कुणाला रॉयल्टी जात असेल, तर ती किती, ती कमी करण्यासाठी काय प्रयत्न केले ते लिहा, आणि त्या सगळ्या वाटेकऱ्यांची एकत्रित रॉयल्टी केंद्राच्या रॉयल्टीच्या निम्म्याहून जास्त राहणार नाही, अशी त्यांची संमतिपत्रं जोडा. तर्क बरोबरच आहे. जनतेने आपला वाटा सोडायचा आणि मधल्याने पाच टक्के खात बसायचं, हे कोणत्या तोंडाने मागणार?

पण व्यवहारात मूळ वाटेकरी केव्हाच वारलेला असतो. त्याचे पाच टक्के तीन मुलांत, मग नऊ नातवंडांत वाटले गेलेले असतात. सातबाऱ्यावरची नावं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चित्र नवीन नाही. एका लीजवर मी पाहिलं होतं: सगळा हिशेब चोख, आणि एका वाटेकरीणबाईंनी सही करायला नकार दिला, कारण त्यांना महिन्याला मिळणाऱ्या शंभरेक डॉलरवर त्या अडून बसल्या. त्यांना रागावण्यात अर्थ नव्हता. विहीर बंद पडली तर ते शंभरही जातील, हे कुणी त्यांना कागदावर मांडून दाखवलंच नव्हतं.

म्हणून संमतिपत्रांचं काम सगळ्यात आधी सुरू करा, हिशेब पक्का होण्याचीही वाट न पाहता. प्रत्येकाला एका पानावर दोन ओळी दाखवा: आहे तो दर आणि विहीर आणखी किती महिने, कमी दर आणि विहीर आणखी किती महिने. खरं सांगायचं तर काहींना या गणितात खरोखरच तोटा असतो. पाचाचे दोन होऊन वीस महिने जास्त मिळाले, तरी एकूण बेरीज कमी भरू शकते. अशांना ते लपवून सही घेऊ नका. भाव एका पातळीच्या वर गेला की त्यांचा जुना दर परत लागू होईल, असं कलम करारात चालतं का, ते बीएलएमला आधी विचारा. लोक अशा कलमावर लवकर तयार होतात.

सातवी पायरी: मंजुरीनंतरचं दफ्तर

मंजुरीपत्रात तारीख, दर, मुदत आणि अटी असतात. ती चारही कॅलेंडरवर टाका. रॉयल्टीचा अहवाल आणि भरणा उत्पादनानंतरच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत, उत्पादनाचा अहवाल त्याच्या पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. नवा दर लागू व्हायच्या आधीच्या महिन्यांना तो चुकून लावला, तर व्याजासकट परत भरावं लागतं.

उत्पादन मुद्दाम कमी दाखवण्याचा मोह ठेवू नका. जुन्या स्ट्रिपर योजनेत तर सरळ लिहिलं होतं की दर खाली आणण्यासाठी नेहमीचं उत्पादन मुद्दाम वाकवलं तर सवलत मागील तारखेपासून रद्द. उलट बाजूने त्याच योजनेने एक शहाणपणा केला होता: एकदा दर खाली आला की उत्पादन वाढलं तरी योजना चालू असेपर्यंत तो वर जात नसे. नाहीतर विहीर दुरुस्त करून चार बॅरलची सात केली म्हणून शिक्षा झाल्यासारखं झालं असतं. स्वतःच्या अर्जात दराची रचना सुचवायची असेल, तर हे वाक्य उसनं घ्या.

याशिवाय एक लहान दार आहे, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. विहिरीमागे दिवसाला १५ बॅरलच्या आत असलेल्या लीजला ओएनआरआर हिशेबाची सवलत देतं. वर्षाला एक हजार बॅरलच्या आत उत्पादन असेल तर दरमहा अहवाल भरण्याऐवजी वर्षातून एकदा भरता येतो, मात्र ज्या राज्याला त्या रॉयल्टीत वाटा मिळतो त्या राज्याने होकार दिलेला असला पाहिजे. पैसा वाचत नाही, कारकुनी वाचते. एकटाच माणूस पंपर, मेकॅनिक आणि हिशेबनीस असलेल्या लीजवर ही सवलत टक्क्यांच्या सवलतीइतकीच मोलाची.

२०२० मध्ये काय झालं

२० एप्रिल २०२० ला अमेरिकी तेलाचा वायदेभाव शून्याच्याही खाली, उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. त्या काळात बीएलएमने कलम ३९ खालच्या अर्जांची वाट सोपी केली. मंजुरी मिळालेल्या लीजवर साडेबारा टक्क्यांचा दर साठ दिवसांसाठी सरासरी एक टक्क्याच्याही खाली आला. पुढे अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने बोट ठेवलं ते दोन गोष्टींवर: सवलत नसती तर या विहिरी खरंच बंद पडल्या असत्या का, हे नीट तपासलं गेलं नाही, आणि किती महसूल सोडला याचा अंदाजही आधी मांडला गेला नाही. म्हणजे वर तिसऱ्या पायरीत केलेलं गणितच राहून गेलं होतं. यापुढे जो कुणी अर्ज करेल, त्याच्या फाइलवर या अहवालाची सावली पडणार, हे धरून चाला.

याआधीही एकदा असाच घोळ झाला होता. खोल समुद्रातल्या विहिरींसाठी १९९५ च्या कायद्याने रॉयल्टीमाफी दिली, आणि १९९८-९९ च्या लीजमध्ये भाव चढल्यावर माफी थांबवणारं कलमच घालायचं राहिलं. भाव पुढे अनेक पटींनी चढले, माफी चालूच राहिली. तेव्हापासून भावमर्यादेचं कलम नसलेल्या कोणत्याही सवलतीकडे तिकडचे खासदार वाकड्या नजरेने पाहतात. तुम्ही स्वतःहूनच ते कलम सुचवलंत तर अर्ज बराच वजनदार होतो. वरच्या उदाहरणातल्या लीजला मी ६३ डॉलरच्या थोडं वर, सलग सहा महिन्यांच्या सरासरीची मर्यादा सुचवेन.

आपल्याकडे

भारतात जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी राज्याला आणि समुद्रातल्याची केंद्राला जाते. बॉम्बे हायचं तेल उरणला उतरतं, पण रॉयल्टी दिल्लीला जाते. गुजरात-आसामला जशी मिळते तशी महाराष्ट्राला मिळत नाही. त्यामुळे आपल्याकडे या विषयावर राज्याची अशी बाजूच तयार झालेली नाही.

थकलेल्या किंवा छोट्या क्षेत्रांसाठी इथे दर खाली आणण्यापेक्षा करार बदलण्यावर भर राहिला. सप्टेंबर २०१५ मध्ये ओएनजीसी आणि ऑइल इंडियाने न हाताळलेली ६९ छोटी क्षेत्रं लिलावात काढायचं ठरलं. रॉयल्टी ठेवली, पण तेलावरचा उपकर काढला आणि भाव ठरवायचं स्वातंत्र्य दिलं. उपकर ही आपल्याकडची मोठी कात्री आहे. २०१६ पासून तो ज्या क्षेत्रांना लागू आहे तिथे किमतीच्या २० टक्के आहे आणि रॉयल्टीच्या वर वेगळा लागतो. म्हणून जुन्या नेमणुकीच्या क्षेत्राचा, म्हणजे सरकारने लिलावाशिवाय ओएनजीसी किंवा ऑइल इंडियाला थेट दिलेल्या क्षेत्राचा, हिशेब मांडताना फक्त रॉयल्टी पाहिली तर अर्धंच चित्र दिसतं.

२०१८ च्या वाढीव उत्पादन धोरणाने ही गोष्ट ओळखली. रसायनं, वायू किंवा इतर सुधारित पद्धती वापरून जे जास्तीचं तेल निघेल त्यावरचा उपकर निम्मा माफ, आणि जास्तीच्या वायूवरची रॉयल्टी ७५ टक्के माफ. सवलत ‘जास्तीच्या’ उत्पादनालाच मिळणार, म्हणजे सगळा डाव पायाभूत रेषेवर. काहीही केलं नसतं तर विहिरीने पुढच्या वर्षांत किती दिलं असतं, तो अंदाज म्हणजे ही रेषा. ती जेवढी खाली ठरेल तेवढी सवलत मोठी, त्यामुळे ओढाताण तिथेच होते. विहिरीनिहाय मासिक उत्पादन, पाण्याचं प्रमाण, बंद राहिलेले दिवस आणि त्यांची कारणं यांच्या किमान पाच वर्षांच्या नोंदी हाताशी असल्याशिवाय त्या चर्चेला बसू नये. बंद दिवस वेगळे काढले नाहीत, तर वीज गेल्यामुळे पडलेलं उत्पादन नैसर्गिक घट म्हणून मोजलं जातं, आणि समोरच्याने ते पकडलं की तुमची सगळी रेषाच नव्याने काढली जाते.